इनकमिंगचे पैसे

मोबाइलचा इतिहास सांगायला बसलं की बहुतेक जण यंत्रांचा इतिहास सांगतात. ३ एप्रिल १९७३ रोजी मोटोरोलाच्या मार्टिन कूपर यांनी न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून बेल लॅब्जमधल्या प्रतिस्पर्ध्याला लावलेला फोन, दहा वर्षांनी बाजारात आलेला ३,९९५ डॉलरचा विटेएवढा डायनाटॅक, मग नोकिया, मग २००७ चा आयफोन. या वंशावळीत खोटं काही नाही. पण आपल्याकडे गवंड्याच्या, घरकाम करणाऱ्या बाईच्या, ऊसतोडीच्या मुकादमाच्या हातात फोन आला तो यंत्रांच्या करामतीमुळे नव्हे. आलेल्या फोनचे पैसे कोणी भरायचे, या हिशेबाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला, म्हणून तो आला.

३१ जुलै १९९५ ला कलकत्त्याच्या रायटर्स बिल्डिंगमधून ज्योती बसूंनी दिल्लीत दूरसंचार मंत्री सुखराम यांना फोन लावला आणि देशातली मोबाइल सेवा सुरू झाली. मुंबईत मॅक्स टच आणि बीपीएल या दोन कंपन्या त्याच वर्षी उतरल्या. गर्दीच्या वेळेत मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर आणि तो आलेल्या फोनलाही लागायचा. म्हणजे दुसऱ्याला बोलायची हौस आली तरी मीटर तुमचं पळणार. त्यामुळे मोबाइल बाळगणारी माणसंही तो उचलत नसत. नंबर बघायचा, कट करायचा आणि जवळच्या पीसीओवर जाऊन रुपयाचं नाणं टाकून परत फोन लावायचा. ज्यांना इतकंही परवडत नसे ते कमरेला पेजर लावत. बिल्डर, डॉक्टर, शेअर दलाल यांच्यापलीकडे हे प्रकरण सरकायला तयार नव्हतं.

१९९९ च्या दूरसंचार धोरणाने कंपन्यांच्या मानेवरचं अवजड लायसन्स शुल्क उतरवलं आणि त्याऐवजी उत्पन्नातला वाटा घ्यायला सुरुवात केली. दर उतरू लागले, तरी इनकमिंगची गाठ सुटेना. जो फोन लावेल त्यानेच पैसे द्यावेत, असा प्रयत्न दूरसंचार नियामक ट्रायने त्याच वर्षी केला होता. २००० च्या जानेवारीत दिल्ली उच्च न्यायालयाने तो रद्द केला. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं वरवर पटण्यासारखं होतं: घरच्या साध्या फोनवाल्याने श्रीमंताच्या मोबाइलचा भार का उचलावा? तेव्हा मोबाइल श्रीमंताचाच होता, हे खरं. पण तो श्रीमंताचाच का राहिला होता, याचं उत्तरही त्या दरपत्रकातच होतं.

ट्रायचा तोच प्रयत्न पुढे सफल झाला आणि १ मे २००३ पासून इनकमिंग फुकट झालं. मोबाइलच्या भारतीय इतिहासात माझ्या लेखी याहून मोठी तारीख नाही.

यामागचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. फोन ज्याच्याकडून निघाला त्याच्या कंपनीने, तो ज्याच्याकडे पोचला त्याच्या कंपनीला मिनिटामागे ठरावीक रक्कम द्यायची. २००४ पासून ही रक्कम ३० पैसे होती. याचा अर्थ असा, की जो माणूस स्वतः कधीच फोन लावत नाही, नुसते घेतो, तोसुद्धा त्याच्या कंपनीला पैसे मिळवून देत होता. गरीब गिऱ्हाईक पहिल्यांदाच कंपनीच्या कामाचं झालं. म्हणून मग त्याच्यासाठी दहा रुपयांची रिचार्ज कूपनं निघाली, पानाच्या टपरीवर कार्डं टांगली गेली. रिलायन्सने जुलै २००३ मध्ये ५०१ रुपयांत फोन हातात ठेवायला सुरुवात केली. त्याच वर्षी नोकियाचा ११०० आला: धूळ न शिरणारा कीपॅड, घामेजल्या हातातून न निसटणाऱ्या बाजू आणि डोक्यावर टॉर्च. जगभर पंचवीस कोटींहून अधिक विकला गेलेला हा फोन माझ्या मते आयफोनपेक्षा जास्त विचारपूर्वक घडवलेला होता, कारण तो लोडशेडिंगमध्ये राहणाऱ्या माणसाचा विचार करून बनवला होता.

आणि मग लोकांनी स्वतःचा एक शोध लावला. मिस कॉल. फाट्यावर उतरलो की मिस कॉल देतो, गाडी घेऊन ये. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे उशीर होईल. पोरीने सासरहून मिस कॉल द्यायचा, बापाने उलटा फोन करायचा. सुतार, प्लंबर, रंगारी यांना नाक्यावर ताटकळत उभं न राहता काम मिळू लागलं, कारण भिंतीवर लिहिलेला नंबर आता त्यांचा स्वतःचा होता, शेजारच्या किराणा दुकानाचा नव्हता. २०११ मध्ये राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारेंच्या आंदोलनाला पाठिंबा नोंदवायलाही मिस कॉलच वापरला गेला. बंगळुरूच्या झिपडायल कंपनीने त्यावर धंदा उभा केला आणि २०१५ मध्ये ट्विटरने ती विकत घेतली.

नंतरचा प्रवास बराचसा ठाऊक असलेला. २००९ मध्ये टाटा डोकोमोने सेकंदाला एक पैसा आकारून मिनिटाचा हिशेबच मोडला, २०११ मध्ये नंबर न बदलता कंपनी बदलता येऊ लागली, सप्टेंबर २०१६ मध्ये जिओने बोलणं फुकट करून टाकलं आणि विक्रीचा माल डेटा झाला.

मात्र या झगमगाटात तो ३० पैशांचा हिशेब झिजत गेला, याची चर्चा फारशी झाली नाही. २००९ मध्ये २० पैसे, २०१५ मध्ये १४, ऑक्टोबर २०१७ मध्ये ६ आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्य. नुसते फोन घेणाऱ्या गिऱ्हाइकाकडून कंपनीला मिळणारी कमाई संपली. त्याचा परिणाम रक्कम शून्यापर्यंत पोचायच्या आतच दिसला होता: २०१८ च्या अखेरीस मोठ्या कंपन्यांनी २८ दिवसांसाठी किमान ३५ रुपयांच्या रिचार्जची अट घातली. नाही भरलं तर आधी आउटगोइंग बंद, पुढे इनकमिंगही. एअरटेलचं हे किमान रिचार्ज २०२४ पर्यंत १९९ रुपयांवर गेलं. मुलाचा फोन यावा एवढ्यासाठी बटणाचा फोन जपणाऱ्या आजीला, इंटरनेट लागत नसताना, त्याचेही पैसे त्यात मोजावे लागले. २००३ ला मिटलेला प्रश्न वेगळ्या नावाने परत आला होता.

डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने फक्त बोलणं आणि एसएमएस असलेले पॅक देणं कंपन्यांना बंधनकारक केलं. जानेवारी २०२५ मध्ये ते आलेही, पण ८४ दिवसांना साडेचारशे रुपयांच्या आसपास आणि तेही एकरकमी. ज्याच्या हाती मजुरी रोजची रोज येते, त्याच्यासाठी दहा रुपयांचं कूपन काढण्याची बुद्धी याच कंपन्यांना एकदा झाली होती. ट्रायने आता किंमत आणि मुदत या दोन्हींत हात घालायला हवा, आणि सुरुवात नुसत्या इनकमिंगवाल्यापासून करायला हवी.