गडचिंचलेची अफवा: स्मार्टफोन चालवता येणं म्हणजे डिजिटल साक्षरता का नाही?

१६ एप्रिल २०२०. टाळेबंदी लागून तीन आठवडे झाले होते. पालघर जिल्ह्याच्या डहाणू तालुक्यातील गडचिंचले गावात त्या रात्री जमावाने दोन साधू आणि त्यांच्या चालकाला ठार मारलं. हे तिघे अंत्यविधीसाठी मुंबईहून सुरतकडे निघाले होते. तलासरीवरून गुजरातेत जाणारा महामार्ग टाळून त्यांनी आतला रस्ता धरला होता. पोलीस तिथे पोहोचले होते, तरीही तिघांचा जीव वाचला नाही.

ही घटना डिजिटल साक्षरतेविषयी नेमकं काय सांगते?

पहिली अफवा: चोर आणि मुलं पळवणारी टोळी

चोर, मुलं पळवणारे आणि किडनी काढणारे रात्री फिरत आहेत, अशी बातमी त्या दिवसांत या भागात तोंडातोंडी आणि मोबाइलवरून पसरली होती. गावकरी रात्रीची गस्त घालत होते. दोनच दिवस आधी कासा पोलीस ठाण्याच्या हद्दीत मदतकार्यासाठी आलेल्या एका डॉक्टरांवर हल्ला झाला होता. त्यांना सोडवायला गेलेल्या पोलिसांनाही जमावाने सोडलं नव्हतं.

अशी अफवा महाराष्ट्राला नवी नव्हती. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा इथे भिक्षा मागायला आलेल्या पाच जणांना याच संशयावरून मारण्यात आलं. त्या वर्षी देशभर फिरलेला मूल पळवण्याचा एक व्हिडिओ कराचीतल्या बालसुरक्षेच्या जाहिरातीतून कापलेला होता. शेवटी मूल परत आणून संदेश दिला जातो, तेवढाच भाग काढून टाकला होता.

व्हिडिओ किंवा आवाजी संदेश समजायला अक्षरओळख लागत नाही. खुलासा मात्र बहुतेक वेळा लेखी असतो, तोही प्रमाण मराठीत किंवा इंग्रजीत. घरात वारली बोलणाऱ्या पाड्यावर अफवा आधी पोहोचते ती यामुळेच.

दुसरी अफवा: घटनेनंतरची

हत्येचे व्हिडिओ बाहेर आल्यावर देशभर वेगळीच गोष्ट फिरू लागली. या हत्येमागे मुस्लिम असल्याचे दावे झाले. पुरावा म्हणून एका व्हिडिओतला आवाज दिला गेला: कुणीतरी ‘मार शोएब’ म्हणतंय. तपासणीत ते शब्द ‘ओये बस’ असल्याचं समोर आलं. अटक झालेल्या १०१ जणांची यादी जाहीर करून त्यात एकही मुस्लिम नसल्याचं तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांना सांगावं लागलं.

ही दुसरी अफवा पाड्यावरून निघाली नव्हती. ती शहरांतल्या, इंग्रजी-हिंदीत लिहिणाऱ्या खात्यांवरून पसरली. त्यामुळे ‘शिक्षण नाही म्हणून अफवा पसरते’ हे स्पष्टीकरण अपुरं ठरतं. ऐकलेलं पडताळायची सवय दोन्हीकडे नव्हती. फरक एवढाच की पाड्यावर अफवेमागे भीती होती, तर शहरात आधीच ठरलेलं मत.

उपाय काय झाले?

राईनपाड्याच्या घटनेनंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एकावेळी फक्त पाच चॅटमध्ये फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली. एप्रिल २०२० मध्ये, गडचिंचलेच्या जेमतेम आठवडाभर आधी, वारंवार फॉरवर्ड झालेल्या संदेशांसाठी ती एका चॅटवर आली. पण तोंडातोंडी पसरणाऱ्या गोष्टीला अशी मर्यादा घालता येत नाही.

सरकारने २०१७ मध्ये प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान सुरू केलं. सहा कोटी ग्रामीण कुटुंबांतील प्रत्येकी एकाला प्रशिक्षण देण्याचं उद्दिष्ट होतं. अभ्यासक्रम २० तासांचा. त्यात भर होता तो उपकरण हाताळणं, इंटरनेट, ऑनलाइन व्यवहार आणि सरकारी सेवांवर. माहिती खरी की खोटी हे ओळखणं हे वेगळं कौशल्य आहे. युनेस्को त्याला माध्यम आणि माहिती साक्षरता म्हणते.

संदेश आला तर काय पाहायचं?

- दुहेरी बाण दिसतो का? असेल, तर तो अनेक हातांतून आलेला आहे. पाठवणारा ओळखीचा असला तरी संदेश त्याचा नाही.
- गाव, तारीख, पोलीस ठाणं यांचा उल्लेख आहे का? ‘आपल्या भागात’ एवढंच असेल तर थांबा.
- व्हिडिओतले शब्द आधी मथळा न वाचता ऐका. मथळा वाचला की कान तेच ऐकतो.
- अनोळखी माणसाचा संशय आला तर पोलीस पाटलांना सांगा किंवा ११२ वर फोन करा. पोलीस येईपर्यंत त्याला हात लावू नका.