मराठी ख्रिस्ती धुरीणांचा वारसा

आयुष्याच्या उत्तरार्धात प्रत्येक कर्त्या माणसापुढे एक प्रश्न उभा राहतो. उरलेले बळ कोणत्या कामी लावावे, आणि आपल्यामागे काय उरावे? संस्थेची धुरा वाहणाऱ्यास तर हा प्रश्न विशेष टोचतो. मराठी ख्रिस्ती परंपरेतील तिघा धुरीणांनी अखेरच्या काळात आपले बळ मराठी भाषेच्या सेवेत वेचले. त्या सेवेचे पुढे काय झाले, हे पाहणे शिक्षकवर्गास उद्‌बोधक ठरावे.

पहिले फादर थॉमस स्टीफन्स. हे इंग्रज जेझुइट इ. स. १५७९ मध्ये गोव्यास आले आणि पुढील चाळीस वर्षे, म्हणजे १६१९ मध्ये देह ठेवीपर्यंत, तेथेच राहिले. राज्यकर्त्यांची भाषा पोर्तुगीज आणि धर्मपीठाची लॅटिन. परंतु नवख्रिस्ती प्रजेची जुनी पुराणे सुटली होती आणि त्या जागी काही आले नव्हते. ही उणीव ओळखून स्टीफन्स यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण मराठीत रचले. ते १६१६ साली रोमन लिपीत छापले गेले. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने देशी भाषांवर बंदीचा हुकूम काढला. सतराव्या शतकातील छापील प्रतींपैकी आज एकही उपलब्ध नाही. तरीही हस्तलिखितांच्या आधारे ग्रंथ टिकला आणि १९०७ साली मंगळूर येथे पुन्हा छापला गेला. आमच्या सिल्वासा परिसरावरही १७८३ पासून १९५४ पर्यंत पोर्तुगीज अंमल होता. तो अंमल गेला. त्याच अंमलाखाली गोव्यात लिहिलेली ओवी मात्र राहिली. ती राहिली, कारण कोणीतरी ती उतरून घेतली.

दुसऱ्या पंडिता रमाबाई. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी ज्यांना 'सरस्वती' ही पदवी दिली, त्या रमाबाईंनी १८८९ मध्ये शारदा सदन आणि पुढे केडगावचे मुक्ती सदन उभारले. शेकडो निराधार स्त्रियांचा संसार चालविणे हेच कोणाही माणसाचे आयुष्य व्यापून टाकणारे काम होते. तरीही त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून मूळ बायबलाचे मराठी भाषांतर हाती घेतले, आणि तेही अल्पशिक्षित स्त्रीस उमजेल अशा साध्या बोलीत. संस्कृतात पारंगत असलेल्या विदुषीने संस्कृतप्रचुर मराठी हेतुतः दूर ठेवली, हा त्यागही लहान नव्हे. ज्या कन्येच्या हाती संस्था सोपवावयाची, ती मनोरमाबाई १९२१ मध्ये निवर्तली. तरी रमाबाईंनी भाषांतर सिद्धीस नेले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या.

तिसरे रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची दीर्घकाळ सेवा केली. १९१७ मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनचे वेतन सोडले आणि 'देवाचा दरबार' स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा सर्व ख्रिस्तभक्तांना त्याचे दार उघडे होते. परदेशी पैशावर पोसलेला ख्रिस्तधर्म या मातीत रुजणार नाही, ही त्यामागील निष्ठा. अवघ्या दोन वर्षांत, मे १९१९ मध्ये, त्यांचे निधन झाले.

आता फलश्रुती पाहावी. रमाबाईंच्या भाषांतराचा मंडळ्यांत सर्वत्र प्रसार झाला नाही. मुक्ती सदन मात्र आजही उभे आहे. टिळकांच्या बाबतीत याच्या उलट घडले. दरबार त्यांच्यामागे टिकला नाही, परंतु त्यांची भजने मराठी उपासनेत अद्याप गायिली जातात. त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले. ते पुढे नेले ते लक्ष्मीबाईंनी. ज्यांची अक्षरओळखच लग्नानंतर झाली, ज्यांना एकेक अक्षर शिकविताना टिळकांचा धीर सुटे, त्याच लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे' लिहून मराठी गद्यास अक्षय लेणे दिले. टिळकांचा सर्वांत मोठा वारसा कोणता, असे विचारल्यास अनेक वाचक आज त्याच ग्रंथाकडे बोट दाखवितील. टिळकांनी तो योजिला नव्हता.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. अग्रक्रम ठरविणे धुरीणाच्या हाती असते. वारसा ठरवितात ते मागून येणारे. नकलून घेणारा, गाणारा, शिकलेले अक्षर पुढे चालविणारा, हाच खरा वारसदार, आणि तो कोण असेल हे आधी कळत नाही. म्हणून आपले नाव कशावर कोरले जाईल याची चिंता वाहण्यात अर्थ नाही. आम्ही मुख्याध्यापक मंडळी निवृत्ती जवळ आली की इमारत, निकाल आणि अहवाल यांचा हिशेब मांडू लागतो. तो मांडू नये असे नाही. परंतु मागच्या बाकावर अडखळत वाचणाऱ्या मुलीला आज एक अक्षर अधिक आले का, हा हिशेब त्याच्या आधी मांडावयास हवा.