कृती तीच, उतारा वेगळा

  मोहफुलात साखर तयारच असते. दारूसाठी फुलं भिजवली की ती पाण्यात उतरते. बिअरचं तसं नाही. माल्टमधल्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यातल्या, पिठूळ भागाची साखर आधी गरम पाण्यात, साधारण ६५ ते ६८ अंश सेल्सिअसला, करून घ्यावी लागते. मग ती चोथ्यातून धुऊन काढायची. यात थोडी मागे राहतेच. शक्य तेवढ्या साखरेपैकी जितके टक्के हाती येते, तो उतारा. 

दुसऱ्याची कृती जशीच्या तशी उचलली की बिअर पातळ लागते ती इथेच. समजा कृतीत ५ किलो माल्ट, २३ लिटर बिअर आणि ७५ टक्के उतारा धरलाय. किलोमागे जास्तीत जास्त ३०० गुण धरले (एका लिटरला १.०००च्या वरचा दर ०.००१ म्हणजे एक गुण), तर आंबवण्याआधी हायड्रोमीटर सुमारे १.०४९ दाखवेल. तुमचा उतारा ६५ टक्केच असेल, तर आकडा १.०४२वर थांबेल. उपाय सोपा: ५ ला ७५ने गुणा, ६५ने भागा. पावणेसहा किलो माल्ट घ्या. कृतीत गूळ किंवा साखरही असेल, तर ती मात्र वाढवू नका, ती पूर्ण विरघळते.

माझ्या मते ९० टक्क्यांच्या मागे लागण्यात अर्थ नाही. दरवेळी तोच आकडा येणं जास्त मोलाचं. आकडा हलत असेल तर आधी माल्टची भरड तपासा: दाणे अख्खे राहिले की साखर आतच अडकते, पीठ झालं की चोथा तुंबतो.