कुंडीमागचा माणूस



झाडांची आवड असलेली दोन माणसं भेटली की बोलणं कसं सुरू होतं, ते तुम्हाला माहीतच आहे. माती कुठली वापरता? खत किती दिवसांनी घालता? मोगऱ्याला कळ्या धरतात का? अर्धा तास गप्पा होतात, एखादी फांदी ओल्या कागदात गुंडाळून दिली जाते आणि आपण घरी येतो. समोरचा माणूस शिकलाय काय, पोटापाण्यासाठी करतो काय, हे विचारायचं राहूनच जातं. आज मला या राहून गेलेल्या प्रश्नाबद्दल बोलायचंय. कारण हा प्रश्न एकदा वेळेवर विचारला असता, तर माझी एका वर्षाची शेवंती वाया गेली नसती.

दिव्याखालची शेवंती

आम्ही चंदीगडला सेक्टर 32 मध्ये राहतो. या सेक्टरात सरकारी मेडिकल कॉलेज आणि त्याचं मोठं रुग्णालय आहे, एस. डी. कॉलेज आहे. त्यामुळे इथे डॉक्टर, नर्स, विद्यार्थी आणि त्यांच्या आधाराने राहणारी भाडेकरू कुटुंबं पुष्कळ. शेजारी सेक्टर 33 मध्ये टेरेस गार्डन आहे. तिथे दरवर्षी डिसेंबरात शेवंतीचं प्रदर्शन भरतं. शेवंतीला इकडे गुलदावदी म्हणतात. आपल्याकडे वेणीत माळायची शेवंती तेवढी ओळखीची. इथे नारळाएवढ्या डोक्याची, चमच्यासारख्या पाकळ्यांची, कोळ्याच्या पायांसारख्या पाकळ्यांची शेवंती पाहिली आणि मी वेडीच झाले. पुढच्या वर्षी सहा कुंड्या लावल्या.

रोपं जोमाने वाढली. खत वेळेवर, पाणी वेळेवर, शेंडे खुडले, काठ्यांचा आधार दिला. नोव्हेंबर उजाडला तरी कळी नाही. नुसती पानंच पानं. मी खत बदललं, मग माती बदलली. शेवटी वरच्या मजल्यावरचे अंकल खाली आले. त्यांच्याशी माझी ओळख फक्त कढीपत्त्यापुरती. त्यांनी कुंड्यांकडे पाहिलंच नाही, वर पाहिलं आणि विचारलं, "बेटा, ये बत्ती रात भर जलती है क्या?"

जळत होती. घरात रात्रपाळीचं माणूस, म्हणून पोर्चमधला दिवा रात्रभर चालू. अंकल म्हणाले, "मुर्गी को रोशनी दो तो अंडा देती है. तेरे फूल का उलटा होगा." तेव्हा कळलं, अंकलनी सगळी नोकरी बरवाल्याकडच्या पोल्ट्रीत केली होती. हिवाळ्यात दिवस लहान होतो तेव्हा कोंबड्यांच्या शेडमध्ये दिवे लावून प्रकाशाचे तास वाढवतात, म्हणजे अंडी कमी होत नाहीत. हे गणित त्यांच्या हाडात भिनलेलं. फुलझाडांचं शास्त्र ते शिकले नव्हते, पण दिवा आणि जिवंत शरीर यांचा संबंध त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळत होता.

आता त्यामागचं शास्त्र सांगते. शेवंती ही लहान दिवसाची वनस्पती. खरं तर तिला मोठी रात्र लागते. दसऱ्यानंतर रात्री लांबू लागल्या की तिची पानं तो सलग अंधार मोजतात आणि शेंड्याला निरोप देतात की आता पान पुरे, कळी धर. या अंधारात मध्येच उजेड पडला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. पोर्चमधल्या एका दिव्याने माझ्या शेवंतीची रात्र कधी पूर्ण होऊच दिली नव्हती. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या गार्नर आणि अ‍ॅलार्ड या दोघांनी 1920 मध्ये तंबाखू आणि सोयाबीन यांच्यावर प्रयोग करून दिवसाच्या लांबीचा हा नियम मांडला. आज पॉलिहाऊसमधला शेतकरी तो रोज वापरतो. फुलं लांबवायची तर रात्री दिवे लावतो, लवकर हवी तर काळं कापड ओढून रात्र मोठी करतो.

आम्ही दिवा बंद केला. शेवंती फुलली, पण फेब्रुवारीत. प्रदर्शन तर डिसेंबरातच संपलं होतं. अंकल दोन वर्षं माझ्या डोक्यावर राहत होते आणि मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं, की तुम्ही काय करत होता?

शहराला फुलवणारा कलेक्टर

पुढे लक्षात आलं, की ज्या शहरात हे घडलं ते शहरच अशा माणसाच्या हातून फुललंय. डॉ. महिंदरसिंग रंधावा. जन्म 1909. लाहोरला वनस्पतिशास्त्र शिकले आणि 1934 मध्ये आय.सी.एस. झाले. फाळणीच्या वेळी ते दिल्लीचे डेप्युटी कमिशनर होते. नंतर पंजाबात आलेल्या निर्वासितांच्या पुनर्वसनाचं प्रचंड काम त्यांच्याकडे होतं. असा माणूस फावल्या वेळात काय करत असेल? ते शेवाळाचा अभ्यास करत होते! डबक्यात हिरवे धागे तरंगतात ना, ज्याला आपण शाळेत स्पायरोगायरा म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलंय, त्या कुळाचा. नोकरी सांभाळून त्यांनी हा अभ्यास चालू ठेवला, त्यावर डी.एस्सी. मिळवली आणि 1959 मध्ये मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला.

चंदीगड उभं राहत होतं तेव्हा त्याच्या झाडांचा विचार करायला जी समिती नेमली, तिचे रंधावा अध्यक्ष होते. इथे त्यांचे दोन्ही हात एकत्र आले. कुठलं झाड किती उंच होतं, कधी पानं गाळतं, कधी फुलतं, हे वनस्पतिशास्त्रज्ञाला ठाऊक. हजारो रोपं कुठल्या रोपवाटिकेतून येणार, कुठल्या रस्त्याला कोणती जात, सावली कुठे आणि रंग कुठे, हे प्रशासकाला ठाऊक. म्हणून इथे एका रस्त्याला एकाच जातीच्या झाडांची सलग रांग दिसते. उन्हाळ्यात बहावा फुलला की अख्खा रस्ता पिवळा होतो. 1967 मध्ये सेक्टर 16 मध्ये तीस एकरांवर गुलाबबाग झाली, तीही त्यांच्याच पुढाकाराने. बागेला नाव दिलं राष्ट्रपती झाकिर हुसेन यांचं. तेही बर्लिनमध्ये अर्थशास्त्रात डॉक्टरेट केलेले शिक्षणतज्ज्ञ आणि गुलाबाचे शौकीन.

रंधावांची तिसरी आवड होती कांगडा शैलीची चित्रं. आय.सी.एस., शेवाळ आणि चित्रकला. कागदावर मांडलं तर तीन वेगळी माणसं वाटतील. पण बहावा कधी फुलतो ते माहीत असणं, पिवळ्यापुढे कोणता रंग खुलतो हे कळणं आणि तो बहावा फाईलवरून जमिनीत उतरवता येणं, यातलं एक जरी कमी असतं तरी हे रस्ते असे दिसले नसते.

गणिताचा मास्तर, औषधांची डॉक्टर

आता आपल्याकडे येऊ. श्रीपाद अच्युत दाभोलकर हे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी कोल्हापूर-सांगली भागातल्या शेतकऱ्यांना बरोबर घेऊन 'प्रयोग परिवार' उभा केला. द्राक्षबागायतदारांवर त्यांचा मोठा प्रभाव पडला. गणिती माणूस झाडाकडे पाहतो तेव्हा काय बघतो? तो मोजतो. एक चौरस फूट जमिनीवर ऊन किती पडतं, त्यातलं पानं किती झेलतात, पान किती दिवसांचं झालं की त्याचं काम मंदावतं. त्यांच्या लेखी ऊन हेच शेतकऱ्याचं भांडवल होतं. दहा गुंठ्यांत एक कुटुंब चांगलं जगू शकतं, हा त्यांचा दावा याच हिशेबावर उभा होता. सहमत व्हा, होऊ नका, पण ही नजर गणिताच्या वर्गातून आली, हे विसरता येत नाही.

ही नजर पुढे कुठे गेली? मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर. तिथे खानपान विभागात अधिकारी असलेल्या प्रीती पाटील यांच्यासमोर प्रश्न रोजच्या ओल्या कचऱ्याचा होता. भाज्यांची देठं, सालं, उरलंसुरलं. दाभोलकरांच्या विचारातून त्यांना वाट सापडली. कचऱ्याची माती झाली, त्या मातीत गच्चीवर फळझाडं आणि भाज्या आल्या. गणिताच्या मास्तराचा विचार स्वयंपाकघर चालवणाऱ्या बाईंच्या हातात पडला तेव्हा शहरी शेतीचा एक नमुना तयार झाला.

आणि डॉ. शरदिनी डहाणूकर. केईएममध्ये औषधशास्त्राच्या डॉक्टर. प्रयोगशाळेत त्यांनी आणि सहकाऱ्यांनी गुळवेलीसारख्या वनस्पतींचा रोगप्रतिकारशक्तीवरचा परिणाम आधुनिक पद्धतीने तपासला. आणि मराठीत 'वृक्षगान', 'फुलवा' अशी झाडाफुलांवरची पुस्तकं लिहिली. ज्या झाडाचा अर्क परीक्षानळीत पाहायचा, त्याच झाडाखाली उभं राहून त्याचा बहरही पाहायचा. आमच्या सेक्टरातल्या मेडिकलच्या मुलामुलींना खिडकीत कुंडी ठेवताना पाहते तेव्हा मला हमखास त्यांची आठवण येते.

मग आपण काय करायचं?

इथे तुमच्यातले काही म्हणतील, ही सगळी मोठी माणसं. आमचं काय? आमचा मुलगा नीटची तयारी करतोय आणि तासभर कॅक्टस पुसत बसतो. त्याला काय सांगायचं?

मी एवढंच सांगेन. छंदाचं करिअर झालंच पाहिजे, असं अजिबात नाही. शेवाळावर प्रेम करूनही रंधावा प्रशासनातच राहिले. आणि करिअरसाठी छंद टाकलाच पाहिजे, असंही नाही. फक्त झाड आपल्या कामाच्या वेळापत्रकात बसणारं निवडावं. रात्रपाळी असेल तर आठ-दहा दिवस पाणी नसलं तरी चालणारी सान्सेव्हिएरिया, कोरफड. परीक्षेचं वर्ष असेल तर दोन निवडुंग पुरे. बदलीची नोकरी असेल तर मोठ्या कुंड्यांचा मोह नको. फांदीपासून येणारी झाडं ठेवा, निघताना शेजाऱ्यांना वाटा आणि तुकडे बरोबर न्या. शिक्षक असाल आणि मे महिना गावी जात असेल, तर सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायची हंगामी फुलं लावा. उत्तरेत पिटुनिया, पॅन्झी मार्चपर्यंत मन भरून फुलतात आणि तुम्ही गावी निघेपर्यंत त्यांचं आयुष्य संपलेलं असतं. आणि महाराष्ट्रातून इकडे अबोली किंवा जास्वंद आणणार असाल तर इथल्या जानेवारीच्या थंडीत ती भिंतीच्या आडोशाला ठेवा. तुमच्यासारखीच तीही थंडीला नवखी असते.

आणि दुसरं, झाडवाल्या माणसांची ओळख करून घेताना तीन गोष्टी विचारा आणि स्वतःबद्दलही सांगा. शिकलात काय, काम काय करता आणि झाडांशिवाय आणखी कशात रमता? सुताराला कुंडीखालचा निचरा कळतो, कारण ओलं लाकूड कुजतं हे त्याने पाहिलंय. परिचारिकेला कात्री निर्जंतुक करायची सवय असते, म्हणून तिच्या छाटलेल्या गुलाबावर रोग कमी. हिशेबनीस तारखा लिहून ठेवतो, त्याला विचारा मागच्या वर्षी पहिली कळी कधी आली. फक्त खतावर बोललो तर हे सगळं ज्ञान त्या माणसाबरोबर घरी परत जातं.

अंकल आता मुलाकडे गेले, दुसऱ्या शहरात. जाताना त्यांचा कढीपत्ता मला देऊन गेले. पोर्चच्या दिव्याला मी एक टायमर लावलाय. दसरा झाला की तो रात्री नऊला बंद होतो. रात्रपाळीहून येणाऱ्या माणसासाठी दाराशी एक टॉर्च ठेवलेला असतो.

तुमच्या शेजारच्या झाडवाल्या माणसाला आज एवढंच विचारा, आणि काय कळलं ते मला नक्की सांगा. भेटू पुढच्या भागात.