रद्दीतील खोकी, घराच्या कामी

दुकानात रोज रिकामी होणारी खोकी आपण रद्दीत किलोच्या भावाने देतो. आणि घर बदलताना तशीच खोकी नगाप्रमाणे विकत घेतो. हा उलटा व्यवहार सहज टाळता येतो. स्थलांतराची तारीख ठरताच, महिनाभर आधीपासून, चांगली खोकी बाजूला काढावीत. कमी पडल्यास ओळखीच्या दुकानदारांस सांगून ठेवावे. पुण्यात अप्पा बळवंत चौकातील पुस्तकविक्रेत्यांकडे येणारी खोकी वजन पेलणारी असतात. निवडताना पुठ्ठ्याची कड पाहावी : कपड्यांस तीन पदरी पुरते, भांड्यांस व ग्रंथांस पाच पदरी हवे. जड वस्तू लहान खोक्यात, हलक्या मोठ्यात भराव्यात. ओल लागलेले खोके मात्र फुकटातही घेऊ नये. त्याचा तळ सुटला, तर वाचविलेल्या पैशांहून फुटलेली भांडी महाग पडतात.