किल्ली हातात आल्यावर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

वास्तुशांतीला येणारी मंडळी भेट म्हणून काय आणतात? गणपतीची तसबीर, चहाचे कप आणि भिंतीवरची घड्याळं. माझ्या भाचीने आणि तिच्या नवऱ्याने पुण्याच्या कडेला आपला पहिला फ्लॅट घेतला, तेव्हा त्यांच्याकडे पाच घड्याळं जमली होती. पाहुणे गेल्यावर भाचेजावई हातोडी घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मामा, खिळा कुठे मारू?"

हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. पूर्वी भिंत म्हणजे विटांची भिंत, हे धरूनच चालायचं. आता एकाच फ्लॅटमध्ये दोन-तीन प्रकारच्या भिंती निघतात, आणि रंग दिल्यावर त्या सगळ्या सारख्याच दिसतात. कोणती भिंत कसली, हे त्यातून निघणारी भुकटी सांगते. लाल भुकटी आली तर वीट. पांढरट, पिठासारखी मऊ भुकटी आली आणि ड्रिल लोण्यात गेल्यासारखं आत गेलं, तर तो एएसी ब्लॉक. भुकटी करडी, आवाज कर्कश आणि ड्रिल जागचं हलत नाही, असं झालं तर समोर काँक्रीट आहे. ते खांबाचं किंवा तुळईचं असेल तर तो नाद सोडावा आणि वीतभर बाजूला सरकावं.

हे एएसी ब्लॉक मोठे गमतीचे असतात. सिमेंट, चुना आणि औष्णिक वीज केंद्रातली राख पाण्यात कालवतात आणि त्यात थोडी ॲल्युमिनियमची पूड घालतात. चुन्याशी तिचा संयोग झाला की हायड्रोजन वायू सुटतो, बुडबुडे येतात आणि मिश्रण फुगतं. मग ते कापून दाबाखालच्या वाफेत शिजवतात. म्हणजे हा ढोकळाच, फक्त दगडाचा. वजनाला हलका, उन्हाळ्यात घर जरा थंड ठेवणारा. पण ढोकळ्यात खिळा मारला तर तो जितपत टिकेल, तितपतच इथेही टिकतो. घड्याळाला चालेल. पुस्तकांची फळी किंवा गीझर टांगायचा तर लांब, पसरणारी नायलॉनची गिट्टी याच ब्लॉकसाठी वेगळी मिळते, ती मागून घ्यावी. या भिंतीत ड्रिलचा हातोडीचा झटका बंद ठेवून नुसतं फिरवून भोक पाडायचं. झटक्याने भोक मोठं होतं आणि गिट्टी गरगर फिरत राहते.

अलीकडच्या उंच इमारतींत आणखी एक प्रकार दिसतो. भिंती आणि स्लॅब ॲल्युमिनियमच्या साच्यांत एकत्रच ओततात. तिथे घरातल्या बहुतेक भिंती काँक्रीटच्या असतात आणि इमारतीचा भार त्यांच्यावर असतो. ड्रिलने छोटं भोक पाडायला हरकत नाही, पण नवा नळ किंवा वायर न्यायची म्हणून छिन्नीने चर खणणं तिथे अगदी वर्ज्य. सुतार "होऊन जाईल, साहेब" म्हणतो. तो उद्या दुसऱ्या कामावर जातो, राहायचं आपल्याला असतं.

भोक कुठे पाडायचं, हे तर त्याहून महत्त्वाचं. वायरच्या नळ्या भिंतीच्या आत असतात आणि चांगल्या कामात त्या सरळ उभ्या किंवा सरळ आडव्या जातात. म्हणून स्विचबोर्डच्या बरोबर वर आणि बरोबर खाली ड्रिल लावायचं नाही. नळ आणि शॉवर यांच्या सरळ रेषेतली जागाही टाळायची. ताबा घेताना वायरिंगचा आणि नळांचा नकाशा मागून घ्यावा, तो मागितला तरच मिळतो. पुढचं काम सोपं आहे. सहा मिलिमीटरच्या गिट्टीला सहाचंच बिट घ्यायचं. गिट्टीच्या लांबीइतक्या अंतरावर बिटला चिकटपट्टी गुंडाळायची, म्हणजे किती खोल गेलो ते कळतं. भोकाच्या खाली एक जुनं पाकीट उघडं करून चिकटवायचं, सगळी धूळ त्यात पडते. डोळ्यांवर चष्मा हवाच. काही दुकानदार या गिट्टीला 'रावल प्लग' म्हणतात. ते नाव रॉलिंग्ज नावाच्या इंग्रज कंत्राटदारावरून आलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भिंतीची नासधूस न करता वस्तू बसवण्यासाठी त्याने ही युक्ती काढली.

पण ड्रिल हातात घेण्याआधी एक काम करायला हवं, आणि ते नेमकं राहून जातं. सामान लावण्यापूर्वी घराच्या कानाकोपऱ्याचे फोटो काढा. बाथरूमच्या जाळीवर प्लॅस्टिक आणि कापडाचा बोळा बसवून जमिनीवर दोन बोटं पाणी चोवीस तास साठवून ठेवा, आणि खालच्या मजल्यावरच्यांना छत बघायला सांगा. २०१६ च्या रेरा कायद्यात याबद्दल स्पष्ट तरतूद आहे. रचनेतला दोष असो की कारागिरीतला, ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत तो विकासकाच्या नजरेस आणून दिला, तर त्याने ३० दिवसांत पैसे न घेता दुरुस्त करून द्यायचा आहे. हे तोंडी सांगून भागत नाही, तारखेसह लेखी द्यावं लागतं. हप्ते सुरू झालेले असताना गळतीवर खिशातून खर्च करणारी कितीतरी घरं मी पाहिली आहेत. मात्र आपणच फरशी फोडून नवं काही बसवलं असेल, तर दोष कोणाचा यावर वाद होतो. म्हणून आधी तपासणी, मग हौस.

आता विजेकडे वळू. दारामागे जी एमसीबीची पेटी असते, तिच्यात कोणता खटका कशाचा हे बहुतेक ठिकाणी लिहिलेलं नसतं. हे दोघांनी करायचं काम आहे. एकाने एकेक खटका पाडायचा, दुसऱ्याने घरभर फिरून काय बंद पडलं ते ओरडून सांगायचं. अर्ध्या तासात यादी होते, ती झाकणाच्या आतून चिकटवून टाकायची. रात्री दोन वाजता फ्यूज गेल्यासारखं झालं की तिची किंमत कळते.

त्याच पेटीत एक जरा रुंद खटका असतो आणि त्याला छोटं बटण असतं. त्याला आरसीसीबी म्हणतात, जुने वायरमन ईएलसीबी म्हणतात. एमसीबी आणि हा, यांतला फरक घरातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवा. एमसीबी वायर वाचवतो. वायरमधून झेपेल त्यापेक्षा जास्त प्रवाह गेला, तर ती तापून पेटू नये म्हणून तो पडतो. माणसाला धक्का बसतो तेव्हा अंगातून जाणारा प्रवाह अँपिअरच्या अगदी लहान अंशाइतका असतो. माणसाच्या जिवाला तेवढा पुरतो, पण १६ अँपिअरच्या एमसीबीला त्याची दादही लागत नाही. आरसीसीबी मात्र गेलेला आणि परत आलेला प्रवाह सतत ताडून पाहतो. त्यात ३० मिलीअँपिअरची तूट दिसली की डोळ्याचं पातं लवायच्या आत वीज तोडतो. त्याचं बटण महिन्यातून एकदा दाबून पाहायचं. दाबल्यावर वीज गेली नाही, तर त्याच दिवशी वायरमनला बोलवायचं. नव्या इमारतीत हा खटका बसवलेला असतो, जुना फ्लॅट घेतला असेल तर तो आहे का हे आधी पाहा. पडदे नंतर शिवता येतात.

गीझर २००० वॉटचा असेल तर तो जवळजवळ ९ अँपिअर ओढतो. त्याचं स्थान १६ अँपिअरच्या मोठ्या सॉकेटवर. लहान ६ अँपिअरच्या सॉकेटवर तो जोडणी लावून चालवला, तर काही दिवसांत प्लास्टिक करपल्याचा वास येतो.

आणि गॅस गीझर. याबद्दल मी जरा अधिक बोलणार आहे, कारण दर हिवाळ्यात वर्तमानपत्रात त्या बातम्या येतात. बंद बाथरूममध्ये गॅस जळू लागला की तिथला प्राणवायू कमी होत जातो, ज्वलन अपुरं होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपट घट्ट चिकटतो. माणसाला आधी डोकं जड वाटतं, गरगरतं, आणि कडी काढायला उठावं तर पायात बळ नसतं. म्हणून गॅस गीझर आणि त्याचा सिलिंडर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत असायला हवा आणि आत फक्त गरम पाण्याची नळी यावी. तशी जागा नसेल तर विजेचा गीझर घ्या. वीजबिल थोडं जास्त येईल, येऊ द्या.

स्वयंपाकाच्या सिलिंडरवरही लिहिलेलं असतं, पण ते वाचतो कोण? वरच्या कड्याच्या पट्टीवर ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, असं पुढे. त्या तिमाहीनंतर सिलिंडरची पुन्हा चाचणी व्हायला हवी असते. मुदत उलटलेला सिलिंडर दारातूनच परत करता येतो. नारिंगी सुरक्षा नळी ५ वर्षांनी बदलायची. गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो. तो आला तर दिव्याचं बटण चालूही करायचं नाही आणि बंदही नाही. रेग्युलेटर बंद करून दारं-खिडक्या उघडायच्या, बाहेर यायचं आणि १९०६ या क्रमांकावर कळवायचं. हा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साठतो. म्हणून ओट्याखालच्या कपाटाला खाली जाळी हवी. सुतार ती शोभेसाठी वर करतात.

नळाचं काम त्यामानाने किरकोळ. जुन्या पद्धतीचा नळ ठिबकत असेल तर नव्वद टक्के वायसर गेलेला असतो. अँगल कॉक बंद करायचा, नळाचं डोकं उघडायचं, जुना वायसर खिशात टाकून दुकानात जायचं आणि तसाच दुसरा आणायचा. नव्या पद्धतीच्या अर्ध्या फेऱ्याच्या नळात सिरॅमिक चकत्यांचा स्पिंडल असतो, तो अख्खाच बदलावा लागतो. टेफ्लॉन टेप आटे ज्या दिशेने पिळले जातात त्याच दिशेने गुंडाळायची, नाहीतर नळ बसवताना ती उलगडत जाते.

एव्हाना त्या घरात आठवडाभर बाहेरून डबे मागवून झाले होते. भाचीने कुकर काढला आणि वेगळीच तक्रार सुरू झाली. "मामा, सहा शिट्ट्या झाल्या, तरी तूरडाळ अख्खीच आहे. दुकानदाराने जुनी डाळ दिली." जुनी डाळ उशिरा शिजते हे खरं, पण इथे दोष पाण्याचा होता. शहराच्या कडेच्या नव्या सोसायट्यांत बरेचदा टँकरचं किंवा बोअरवेलचं जड पाणी येतं. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डाळीच्या पेशींना धरून ठेवणाऱ्या पेक्टिनला आणखी घट्ट करतात. उपाय असा, की डाळ अर्धा तास भिजवायची आणि शिजवायला पिण्याचं गाळलेलं पाणी घ्यायचं. चिंच, आमसूल, टोमॅटो हे सगळं डाळ शिजल्यानंतर, कारण आंबटानेही ती कडक राहते. चिमूटभर खाण्याचा सोडा घातला तर डाळ मऊ होते खरी, पण त्यातलं ब-१ जीवनसत्त्व जातं.

आणि शिट्ट्या मोजणं हे काही माप नव्हे. पुण्याच्या उंचीवर उघड्या पातेल्यात पाणी साधारण ९८ अंशांना उकळतं. कुकरमध्ये दाब वाढल्यामुळे ते १२० अंशांच्या आसपास जातं, आणि सगळी करामत त्या वीस-बावीस अंशांची आहे. शिट्टी वाजते तेव्हा जास्तीची वाफ नुसती बाहेर जाते. पहिली शिट्टी झाली की आच अगदी बारीक करावी आणि घड्याळ लावून दहा-बारा मिनिटं ठेवावं. नंतर दाब आपोआप उतरू द्यावा, शिट्टी उचलून घाई करू नये. डाळ त्या वेळातही शिजत असते.

नव्या संसाराला भांडी किती लागतात? कुकर, लोखंडी कढई, तवा, एक मोठं पातेलं, सांडशी आणि मिसळणाचा डबा. एवढ्यावर दोन माणसांचे तीन महिने मजेत जातात. मग काय कमी पडतं ते आपलं आपल्याला कळतं.

त्या कढईत पहिलं करावं ते पिठलं. दोघांना अर्धी वाटी बेसन आणि दोन वाट्या पाणी. पीठ थेट उकळत्या पाण्यात टाकलं की गाठी होतात. बाहेरचं पीठ लगेच फुगून चिकट कवच धरतं आणि आतलं कोरडंच राहतं. पेरून पिठलं करणाऱ्या सुगरणींचा हात सतत हलता असतो, म्हणून त्यांचं साधतं. नवख्याने पीठ गार पाण्यात आधी कालवून घ्यावं. फोडणीत मोहरी पूर्ण तडतडल्याशिवाय दुसरं काही घालायचं नाही. मग जिरं, हिंग, ठेचलेल्या चार-पाच लसूण पाकळ्या, दोन मिरच्या, चिरलेला कांदा, आणि हळद शेवटी, कारण ती चटकन करपते. कढीपत्ता पुसून कोरडा करूनच टाकावा, नाहीतर तेल अंगावर उडतं. कांदा मऊ झाला की कालवलेलं पीठ ओतायचं, मीठ घालायचं आणि ढवळत राहायचं. पिठलं फदफदायला लागलं की आच मंद करून झाकण ठेवायचं. कच्च्या बेसनाचा वास गेला की झालं. कढईच्या बुडाला जी खरवड धरते, तिच्यावर चमचाभर पाणी शिंपडून दोन मिनिटं झाकण ठेवलं की ती सुटून येते. ती पानात पोचण्याआधीच संपते, म्हणून ताटं आधी घेऊन ठेवावीत.