बाळ मान धरत नाही तेव्हा



“पोटुशी असताना ग्रहण पाळलं नसेल.” “भरल्या दिवसांत जड उचललं असेल.” मूल वर्षाचं झालं तरी बसत नाही, की गावात ही बोलणी सुरू होतात आणि सगळा दोष आईच्या पदरात पडतो. बचत गटांच्या बैठकीत आम्ही हे नेहमी ऐकतो. म्हणून आज सेरेब्रल पाल्सीबद्दल बोलू. सरकारी कागदावर तिला मेंदूचा पक्षाघात म्हणतात.

यात मुलाचे हातपाय मुळात चांगलेच असतात. त्यांना हुकूम देणारा मेंदूचा भाग दुखावलेला असतो. ही इजा पोटात, जन्मताना किंवा पहिल्या एक-दोन वर्षांत होते. कुणाचं अंग ताठ राहतं, कुणाचे हात आपोआप वळवळतात, कुणाचा तोल जातो. हजार जन्मांमागे साधारण दोन-तीन मुलांना हे होतं. हे एकाचं दुसऱ्याला लागत नाही. आणि मूल बोलत नाही म्हणजे त्याला कळत नाही, असं मुळीच नाही.

कारणांचा शोध फार जुना आहे. लंडनचे डॉक्टर विल्यम लिटल यांनी १८६१ साली मांडलं, की अडलेलं बाळंतपण आणि गुदमरलेलं बाळ हे याचं मूळ आहे. पुढे १८९७ साली सिग्मंड फ्रॉइड यांनी शंका काढली, की काही बाळांना पोटातच इजा झालेली असेल आणि म्हणूनच बाळंतपण अवघड जात असेल. अमेरिकेतल्या हजारो जन्मांच्या नोंदी तपासल्यावर १९८६ साली दिसलं, की बहुतेक मुलांच्या बाबतीत जन्मावेळी गुदमरणं हे कारण नव्हतं. आज डॉक्टर अनेक कारणं सांगतात: दिवस भरण्याआधी जन्म, कमी वजन, गरोदरपणातला जंतुसंसर्ग, जन्मावेळी गुदमरणं, वाढलेली कावीळ, मेंदूज्वर. काही मुलांत जनुकांतला दोष असतो. नात्यातल्या लग्नात असे दोष वर येण्याचा धोका वाढतो, म्हणून मामाच्या घरी मुलगी देताना हा विचार करावा. ग्रहणाचं नाव या यादीत कुठेच नाही.

आता टाळता काय येतं ते पाहू.

आपल्या परंडा, भूम, वाशी, कळंब भागातून दिवाळीच्या सुमारास उसतोडीच्या टोळ्या निघतात. गरोदर बाई कोयत्यावर गेली, की तपासण्या सुटतात. तिचं माता-बाल संरक्षण कार्ड सोबत द्या. जिथे टोळी उतरेल तिथल्या आशाताईंना ते दाखवता येतं. दिवस भरण्याआधी कळा आल्या तर घरी थांबू नका, १०८ किंवा १०२ ला फोन करा. बत्तीस आठवड्यांच्या आत बाळंतपण होणार असेल, तर आईला मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन दिल्याने बाळाच्या मेंदूचं रक्षण होतं. हे मोठ्या अभ्यासांतून सिद्ध झालं आहे. बाळंतवातासाठी वापरतात तेच हे स्वस्त औषध. पण ते जन्माआधी मिळालं पाहिजे, म्हणून वेळेत दवाखाना गाठणं महत्त्वाचं.

बाळ जन्मल्यावर रडलं नाही, तर पहिलं मिनिट मोलाचं. शिकलेली सिस्टर बाळाला कोरडं करून, चोळून, लागलं तर अंबू बॅगने श्वास देते. घरच्या बाळंतपणात हे होत नाही. पहिल्या चोवीस तासांतच बाळ पिवळं दिसलं, किंवा पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत उतरला, तर कोवळ्या उन्हावर विसंबू नका. त्याला निळ्या दिव्याखाली ठेवावं लागतं.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी शिकवली. १९९९ साली छापलेल्या निष्कर्षांनुसार तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. तो अभ्यास मृत्यूंचा होता. पण ज्या त्रासाने बाळ दगावतं, त्यातून वाचलेल्या बाळाच्या मेंदूला इजा राहू शकते. आज आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात, त्याचं मूळ या कामात आहे. त्यांना दारातून परत पाठवू नका.

काही खुणा लक्षात ठेवा. चार महिने झाले तरी मान धरत नाही. तीन महिन्यांनंतरही मुठी घट्ट असतात. लंगोट बदलताना मांड्या फाकत नाहीत. उभं धरलं की पाय कात्रीसारखे होतात. वर्षाच्या आतच बाळ एकच हात वापरतं. नऊ महिन्यांचं होऊनही आधाराशिवाय बसत नाही. यातलं काही दिसलं, तर “आमच्यात सगळेच उशिरा चालतात” म्हणून थांबू नका. सहा महिन्यांच्या आतही निदान होऊ शकतं, आणि लहान मेंदू लवकर शिकतो.

ही इजा पुसून टाकणारं औषध नाही, पण उपचार आहेत. फिजिओथेरपी, हाताने वस्तू धरायचा आणि बोलण्याचा सराव, बसवून भरवणं, पायाला पट्ट्या, ताठपणा कमी करणारी औषधं, झटके येत असतील तर त्यांवर गोळ्या. व्यायाम रोज घरी करायचा असतो, म्हणून तो आईसोबत बाप, आजी, चुलती सगळ्यांनी शिकावा. हयगय झाली तर स्नायू आखडतात, खुबा सरकतो. डाग देणं, हातपाय ओढून मालिश करणं यांनी फक्त इजा होते.

एक सावधगिरी. “स्टेम सेलच्या इंजेक्शनने मूल चालेल” असं सांगून लाखो रुपये मागणारे भेटतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे अशा आजारांत हे फक्त संशोधन म्हणूनच करता येतं. त्यासाठी शेत विकू नका, गटाचं कर्जही काढू नका.

तपासणी मोफत आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येतं आणि पुढच्या उपचारांसाठी चिठ्ठी देतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सेरेब्रल पाल्सी नोंदलेली आहे. म्हणून युडीआयडी कार्ड काढा. केंद्राच्या ‘निरामया’ योजनेत एक लाखापर्यंत आरोग्य विमा मिळतो.

मुंबईत मिठू अलूर यांनी आपल्या लेकीला शाळा मिळेना म्हणून १९७२ साली स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली. ती लेक, मालिनी चिब, पुढे उच्च शिक्षण घेऊन लेखिका झाली. एका बोटाने टाइप करत तिने आपलं पुस्तक लिहिलं. आपल्या गावच्या मुलालाही अंगणवाडीत आणि शाळेत जागा मिळायलाच हवी.

मैत्रिणींनो, येत्या बैठकीत हप्ते जमा झाले की एक प्रश्न विचारा: आपल्या दहा-बारा घरांत मान न धरणारं, न बसणारं बाळ आहे का? असेल तर त्या आईसोबत दोघीजणी दवाखान्यात जा. एकटीला लोक बोलतात, तिघींना कुणी बोलत नाही.